रोमानोव्ह बहिणींचं बालपण वाचायला घेताय? मग असं वाचा

रशियाच्या शेवटच्या झारच्या चार मुली, ओल्गा, तातियाना, मारिया आणि अनास्तासिया, यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना उलट्या बाजूने होते. आधी येकातेरिनबुर्गचं ते तळघर, जुलै १९१८ ची ती रात्र जेव्हा क्रांतिकारकांनी सगळ्या कुटुंबाला गोळ्या घातल्या, मग "अनास्तासिया खरंच वाचली होती का हो" हा प्रश्न, आणि मग कधीतरी पांढऱ्या फ्रॉकमधला चौघींचा फोटो. माझंही असंच झालं होतं, आणि त्यामुळे प्रत्येक फोटोत मला फक्त मरणच दिसायचं, चार वर्षांची मुलगी वाळूत खेळतेय तरी डोळ्यात पाणी. पण ती मुलगी त्या दिवशी वाळूतच खेळत होती ना, तिला काय माहिती पुढचं. हे बालपण बालपण म्हणून वाचता यायला मला काही वर्षं गेली, म्हणून ज्यांना नव्याने सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतेय.

पहिलं काम म्हणजे एक वही घ्या आणि चौघींना वेगवेगळी पानं द्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जगाने या चौघींचा एक गठ्ठा करून टाकलाय. त्यात त्यांचाही हातभार होता, पत्राखाली चौघींच्या नावांची पहिली अक्षरं जोडून ओटीएमए अशी सही करायच्या, आणि घरात मोठी जोडी आणि धाकटी जोडी असे दोन भाग होते, जोडीला सारखे कपडे, जोडीची एक खोली. पण ओल्गाचा जन्म नोव्हेंबर १८९५ चा आणि अनास्तासियाचा जून १९०१ चा, म्हणजे साडेपाच वर्षांचं अंतर! ओल्गाला ज्या वयात लग्नाची स्थळं येत होती तेव्हा अनास्तासिया झाडावर चढत होती. मध्ये तातियाना जून १८९७, मारिया जून १८९९. आणि सगळ्यात शेवटी ऑगस्ट १९०४ मध्ये भाऊ अलेक्सेई. चार मुलींनंतर मुलगा, यातलं टेन्शन आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही, पण तिथे त्याला कायद्याचंही बळ होतं, झार पॉलने १७९७ मध्ये वारशाचा असा नियम करून ठेवला होता की घराण्यात पुरुष असेपर्यंत बाईला गादी नाही. म्हणजे पहिली दहा वर्षं या घरात दर वेळी पाळणा हलला की सगळ्या देशाचा चेहरा पडायचा, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

तारखांचा घोळ सुरुवातीलाच मिटवून टाका. रशियात १९१८ च्या फेब्रुवारीपर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं, ते १९व्या शतकात आपल्या तारखेच्या १२ दिवस मागे आणि २०व्या शतकात १३ दिवस मागे. त्यामुळे ओल्गाचा वाढदिवस एका पुस्तकात ३ नोव्हेंबर, दुसऱ्यात १५ नोव्हेंबर दिसेल आणि दोन्ही बरोबर असतात. आपल्याकडे तिथीने की तारखेने हा जो वाद असतो ना, तसंच. वहीत दोन रकाने करा, जुनी आणि नवी, नाहीतर पुढे डायरी आणि वर्तमानपत्रं जुळवताना डोकं फिरतं.

नावांचंही तसंच. या घराण्यात ओल्गा किती आहेत याला गणती नाही. पण रशियन नावात वडिलांचं नाव मध्ये येतं, आपल्यासारखंच, फक्त त्याला मुलींसाठी एव्हना किंवा ओव्हना असा शेवट लागतो. ओल्गा निकोलाएव्हना ही झार निकोलसची मुलगी, आणि ओल्गा अलेक्सांद्रोव्हना ही निकोलसची बहीण, म्हणजे या मुलींची आत्या. मधलं नाव बघायची सवय लागली की अर्धा गोंधळ संपतो. नोकरचाकरसुद्धा त्यांना असंच नाव आणि वडिलांचं नाव घेऊन हाक मारायचे, राजकन्यापदाची लांबलचक बिरुदं त्यांना आवडायची नाहीत.

आता मुख्य गोष्ट. या मुली इतक्या बंदिस्त का वाढल्या, याची कारणं एकेक करून वेगळी काढा, "राजघराणं होतं म्हणून" एवढ्यावर सोडू नका, कारण त्यांचे वडील आणि आत्या काही इतके कोंडलेले वाढले नव्हते. निकोलस तर युवराज असताना जगप्रवासाला निघाला होता आणि १८९० च्या डिसेंबरात आपल्या मुंबईत उतरला होता. मुलींच्या नशिबी मात्र पीटर्सबर्गपासून साधारण २५ किलोमीटरवरचं त्सारस्कोये सेलो आलं, तिथला अलेक्झांडर महाल आणि त्याच्याभोवतीचं कुंपण घातलेलं पार्क.

पहिलं कारण भीती, आणि ती खरी होती. पणजोबा अलेक्झांडर दुसरे १८८१ मध्ये बॉम्बने मारले गेले, रक्ताने माखलेल्या आजोबांना शेवटच्या घटका मोजताना १२ वर्षांच्या निकोलसने बघितलं होतं. १९०५ च्या जानेवारीत पीटर्सबर्गमध्ये सैन्याने मोर्चावर गोळ्या झाडल्या, फेब्रुवारीत मॉस्कोत या मुलींच्या सर्गेई काकांना, म्हणजे आईच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, बॉम्बने उडवलं. त्यानंतर हे कुटुंब राजधानी सोडून जवळजवळ कायमचं त्सारस्कोये सेलोला राहायला गेलं. तेव्हा ओल्गा ९ वर्षांची होती आणि अनास्तासिया ३.

दुसरं कारण आई. महाराणी अलेक्झांड्रा मूळची जर्मनीतल्या हेसची, व्हिक्टोरिया राणीची नात, वयाच्या सहाव्या वर्षी आई गेलेली, स्वभावाने लाजाळू आणि अतिशय धार्मिक. तिला पीटर्सबर्गचा उमराव समाज पोकळ वाटायचा, त्यांच्या मुलींच्या संगतीत आपल्या मुली बिघडतील असं तिचं पक्कं मत होतं, म्हणून बरोबरीच्या मैत्रिणी जवळपास नाहीतच. हिवाळी महालातला शेवटचा मोठा दरबारी बॉल १९०३ चा, तेव्हा ओल्गा ७ वर्षांची, म्हणजे ज्या झगमगाटासाठी हे घराणं प्रसिद्ध होतं तो या मुलींनी मोठेपणी तिथे कधी बघितलाच नाही.

आणि तिसरं कारण, जे मला सगळ्यात मोठं वाटतं, ते म्हणजे अलेक्सेईचा आजार. हिमोफिलिया, रक्त गोठत नाही, जन्मानंतर काही आठवड्यांतच नाभीतून रक्त यायला लागलं तेव्हा कळलं. आणि आईवडिलांनी हे गुपित ठेवायचं ठरवलं. देशापासून गुपित, दरबारापासून गुपित, घरात शिकवायला येणाऱ्या मास्तरांपासूनसुद्धा. ज्या घरात एवढं मोठं गुपित असतं त्या घराची दारं आपोआप बंद होतात, मैत्रिणी कशा बोलावणार?

हे नीट समजायचं असेल तर १९१२ चा स्पालाचा प्रसंग शोधून वाचा, फ्रेंच शिकवणारे स्विस मास्तर पिएर जिलियार यांनी लिहून ठेवलाय. स्पाला म्हणजे पोलंडमधलं शिकारीचं ठिकाण. तिथे अलेक्सेईला आतल्या आत रक्तस्राव झाला, ८ वर्षांचं पोर दिवसेंदिवस वेदनेने किंचाळत होतं. आणि खाली पाहुण्यांसमोर मारिया आणि अनास्तासिया मोलिएरच्या फ्रेंच नाटकातले प्रवेश करून दाखवत होत्या, कारण काही झालेलंच नाही असं दाखवायचं होतं. जिलियार पडद्याआड प्रॉम्प्टिंगला उभे. महाराणी पुढच्या रांगेत बसून हसतमुखाने पाहुण्यांशी बोलतेय. खेळ संपल्यावर जिलियार बाहेर आले तर अलेक्सेईच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज, आणि समोरून महाराणी लांब स्कर्ट दोन्ही हातांनी उचलून धावत येतेय, चेहरा पिळवटलेला, त्यांच्याकडे बघितलंही नाही. आणि काही मिनिटांनी परत पाहुण्यांत, परत हसरा चेहरा. मी हा प्रसंग कितीदा वाचलाय. पण वाचताना माझं लक्ष आता आईकडे नसतं, त्या दोघींकडे असतं, १३ आणि ११ वर्षांच्या, ज्यांना वर काय चाललंय ते पक्कं माहिती होतं आणि तरी संवाद म्हणायचे होते. लाडाकोडात, काही कळू न देता वाढवलेल्या मुली असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं. त्यांना बाहेरचं जग माहिती नव्हतं हे खरं, पण घरातलं दुःख मात्र कुणी लपवलं नव्हतं.

यानंतर घर बघा, म्हणजे अगदी खोल्या, पलंग, वेळापत्रक. आपण राजकन्या म्हटलं की मखमली गाद्या डोळ्यापुढे आणतो, पण या चौघी लष्करी छावणीत असतात तसल्या घडीच्या कडक खाटांवर झोपायच्या, सकाळी थंड पाण्याने आंघोळ, आपला बिछाना आपण आवरायचा, मोठीचे कपडे धाकटीला. नऊ वाजता अभ्यास सुरू. रशियन, फ्रेंच, इंग्रजी, गणित, धर्म, पियानो. इंग्रजीला १९०८ पासून सिडनी गिब्ज. आईशी इंग्रजी, वडिलांशी रशियन, आणि फ्रेंच काही केल्या नीट आलं नाही, कारण जिलियार सांगतात तसं घरात ते कुणी बोलतच नव्हतं. दुपारी पार्कमध्ये फिरणं, संध्याकाळी चहा, रात्री वडील मोठ्याने पुस्तक वाचणार आणि बाकी सगळ्या भरतकाम करणार. हे दिवसामागून दिवस तसंच. अलेक्झांडर महालातल्या राजाराणीच्या खोल्या पुन्हा सजवून २०२१ पासून बघायला खुल्या झाल्यात, त्यांचे फोटो आणि व्हिडिओ नेटवर आहेत, ते बघताना मुलींच्या खोल्या आईच्या खोल्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर होत्या हे लक्षात ठेवा. एका जिन्याचं अंतर. आणि तरी आई आजारी पडून झोपून असली की मुली तिला चिठ्ठ्या पाठवायच्या, त्याच घरातून, तू आज भेटली नाहीस, खूप आठवण येते अशा. आईच्या छातीच्या दुखण्याला घरात नंबर होते, आज हृदय दोन नंबर, आज तीन नंबर. मुलींच्या नोंदींत हे नंबर हवामानासारखे येतात, तिकडे लक्ष द्या.

डायऱ्या वाचायला घेतल्या तर सुरुवातीला कंटाळा येईल हे आधीच सांगते. चहा घेतला, चर्चला गेलो, पपांबरोबर फिरलो. पण सोडू नका, फक्त वाचायची पद्धत बदला. आज कोणाचं नाव आलं नाही ते बघा. ओल्गाच्या १९१३ च्या नोंदींत श्तांदार्त या शाही जहाजावरचा एक तरुण अधिकारी पाव्हेल व्होरोनोव्ह सारखा डोकावतो, त्याच्याबद्दल ती जपून, आडून लिहिते, आणि १९१४ च्या सुरुवातीला त्याचं दुसऱ्या मुलीशी लग्न होतं, राजकुटुंब लग्नाला हजर. १८ वर्षांच्या मुलीचं पहिलं प्रेम आणि भेटायला मिळणारे पुरुष कोण, तर जहाजावरचे अधिकारी आणि पहाऱ्यावरचे कोसॅक सैनिक, बस. धाकट्या दोघींच्या डायऱ्या मात्र फारशा मिळत नाहीत, १९१७ च्या क्रांतीनंतर अटकेत असताना बहुतेक जाळून टाकल्या, म्हणून मारिया आणि अनास्तासियाची पानं तुमच्या वहीत रिकामी राहतील, ती तशीच राहू द्या, दुसऱ्यांच्या आठवणींनी घाईघाईने भरू नका.

आठवणींबद्दल पण एक. प्रत्येक लिहिणाऱ्याच्या नावापुढे तो कधीपासून कधीपर्यंत घरात होता आणि कधी लिहिलं ते टाका. आयरिश दाई मार्गारेटा ईगर १९०४ पर्यंतच होत्या, म्हणजे त्यांनी बघितलेली अनास्तासिया फार तर ३ वर्षांची. पण लहानपणासाठी त्यांच्यासारखं कुणी नाही. त्या सांगतात, जर्मनीत डार्मस्टाटला एका खेळण्यांच्या दुकानात नेऊन हवं ते घे म्हटलं, तर छोट्या ओल्गाने अगदी लहानसं खेळणं उचललं, कारण तिला वाटलं बाकीची सुंदर खेळणी दुसऱ्या मुलींची आहेत आणि त्या घरी आल्यावर त्यांना ती दिसली नाहीत तर वाईट वाटेल. दुकान ही कल्पनाच माहिती नव्हती! याच्या शेजारी ऑगस्ट १९०९ ठेवा, इंग्लंडच्या काउझला ओल्गा आणि तातियाना पायी दुकानांत हिंडल्या, मागे गर्दी, आणि दोघी खूश. आणि त्यानंतर पहिल्या महायुद्धातली ती आठवण, नर्सच्या वेशात दोघी परस्पर एका दुकानात शिरल्या आणि मग लक्षात आलं की जवळ पैसे नाहीत आणि खरेदी नेमकी करतात कशी तेही माहिती नाही. तेव्हा ओल्गा विशीच्या आसपास होती. बालपण कसं होतं यावर मी कितीही पानं लिहिली तरी या तीन दुकानांएवढं सांगता येणार नाही.

बाहेरची हवा मिळायची ती ओल्गा आत्यामुळे. रविवारी ती भाच्यांना पीटर्सबर्गला न्यायची, आधी आजीकडे अनिच्कोव्ह महालात जेवण, तिथे सगळ्या शिस्तीत गप्प, आणि मग आत्याच्या घरी चहा, खेळ, नाच, तरुण पोरंपोरी. युद्धाने ते बंद पडलं. या आत्यासाठी वहीत एक स्वतंत्र पान ठेवा, तेवढा मान तिचा आहे.

फोटोंकडे वळा आता, कारण ते प्रचंड आहेत, सगळ्या कुटुंबाला कॅमेऱ्याचं वेड होतं आणि अल्बम स्वतः चिकटवायचे. महाराणीची मैत्रीण आन्ना व्हिरूबोव्हाचे अल्बम अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि नेटवर फुकट बघता येतात, तिथूनच सुरुवात करा, रंग भरलेले आणि चुकीची नावं टाकलेले फॉरवर्ड नकोत. फोटोची तारीख ओळखायच्या काही खुणा सांगते. तातियानाचे केस एकटीचेच कापलेले असतील तर १९१३, कारण त्या वर्षी तिला टायफॉइड झाला होता. चौघींची टकली दिसली तर १९१७ चा उन्हाळा, गोवर झाल्यावर केस गळायला लागले म्हणून काढून टाकले, त्याचा छळाशी संबंध नाही. ओल्गा किंवा तातियाना नर्सच्या वेशात असेल तर १९१४ च्या शरद ऋतूनंतरचा. लांब स्कर्ट आणि वर बांधलेले केस म्हणजे सोळावं उलटलेलं. ओळखायला, सडपातळ आणि उंच ती तातियाना, टपोऱ्या डोळ्यांची मारिया, बुटकी आणि बहुतेक वेळा काहीतरी खोडी काढण्याच्या बेतात ती अनास्तासिया. तिचा १३ वर्षांची असतानाचा आरशातला फोटो प्रसिद्ध आहे, खुर्चीवर कॅमेरा टेकवून स्वतःच काढलेला, हात थरथरत होते म्हणून फार अवघड गेलं असं तिने वडिलांना कळवलं होतं. मारियाचा एक फोटो आपल्या इतिहासाजवळून जातो, तिचा मावसभाऊ लुई तिच्यावर लहानपणी भाळला होता आणि त्याने तिचा फोटो जन्मभर आपल्या खोलीत ठेवला, हा लुई म्हणजे भारताचा शेवटचा व्हाइसरॉय माउंटबॅटन.

रास्पुतिनच्या, म्हणजे अलेक्सेईला बरं करतो म्हणून महाराणीचा ज्याच्यावर विश्वास बसला होता त्या साधूच्या, प्रकरणात फार वेळ घालवू नका. तो मुलांच्या खोल्यांपर्यंत जायचा हे खरं, त्यावर आक्षेप घेणाऱ्या, मुलींची देखरेख करणाऱ्या त्युत्चेव्हा बाईंना १९१२ मध्ये नोकरी सोडावी लागली हेही खरं, पण त्यापलीकडच्या ज्या घाणेरड्या गोष्टी पसरवल्या गेल्या त्यांना पुरावा नाही आणि त्या या मुलींच्या हयातीत, त्यांच्या कानावर जातील अशा पसरवल्या गेल्या. याचा मला अजून राग येतो.

१९११ हे वर्ष मात्र सावकाश वाचा. सप्टेंबरात कीव्हच्या ऑपेरा हाउसमध्ये पंतप्रधान स्तोलीपिनवर गोळ्या झाडल्या गेल्या, ओल्गा आणि तातियाना वडिलांबरोबर तिथेच होत्या, तातियाना खूप रडली, दोघींना नीट झोप लागली नाही असं निकोलसने आपल्या आईला लिहिलंय. आणि दोनच महिन्यांनी क्रायमियात लिवाडियाच्या नव्या पांढऱ्या महालात ओल्गाच्या सोळाव्या वाढदिवसाचा बॉल, गुलाबी ड्रेस, पहिल्यांदा वर बांधलेले केस. दोन्ही एकाच पानावर लिहा. १९१४ च्या जूनमध्ये रुमानियाचा राजपुत्र कारोल स्थळ म्हणून पुढे आला तेव्हा तिने रशिया सोडायला नकार दिला, आणि आईवडिलांनी जबरदस्ती केली नाही. मग युद्ध, आणि वेरा गेद्रोइत्स या बाई सर्जनच्या हाताखाली दोघी थोरल्या नर्सिंग शिकल्या, शोभेचं नाही, खरोखर जखमा धुतल्या, अवयव कापायच्या ऑपरेशनला उभ्या राहिल्या. तातियाना त्यात रमली, ओल्गाला ते झेपलं नाही, १९१५ मध्ये तिला हलकी कामं द्यावी लागली. चौघींचा गठ्ठा करू नका म्हटलं ते यासाठीच.

शेवट तुम्हाला माहितीच आहे आणि तो कुठेही मिळेल. अनास्तासिया वाचली नव्हती, १९९१ मध्ये काढलेले आणि २००७ मध्ये सापडलेले अवशेष मिळून, डीएनएने, सगळ्यांचा हिशेब लागलाय. माझं म्हणणं एवढंच की त्या तळघरात जायच्या आधी तोबोल्स्कला थांबा. ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना सायबेरियात तिथे नेलं, त्या घडीच्या खाटाही बरोबर गेल्या. थंडीत करायला काही नाही म्हणून जिलियार आणि गिब्ज मुलांकडून छोटी नाटकं बसवून घ्यायचे. एका इंग्रजी फार्समध्ये अनास्तासिया पुरुषाचं काम करत होती, पाठ करून उभी, अंगात ड्रेसिंग गाउन, आणि वाऱ्याच्या झोताने तो गाउन कमरेपर्यंत उडाला, खाली तिने बापाच्या लोकरी चड्ड्या घातल्या होत्या. सगळे खो खो हसले. महाराणीसुद्धा, आणि गिब्ज यांच्या आठवणीप्रमाणे ती अशी मनमोकळी हसलेली त्यांनी नंतर बघितली नाही. प्रेक्षकांनी ते नाटक परत करायला लावलं. अनास्तासियाच्या पानावर हे लिहायला जागा ठेवा.